गुरुवारी झोपणारा कॅमेरा

रिक्षातून उतरल्यावर विनोद ना थोरल्या भावाच्या पाया पडला, ना त्याने पायातल्या चपला काढल्या. बॅग बायकोच्या, गोदाच्या हातात देऊन तो तसाच पडवीत शिरला आणि मान वर करून वाशाला लावलेल्या कॅमेऱ्याकडे बघत राहिला. कॅमेऱ्याच्या काचेवर मोतीबिंदू झाल्यासारखा पांढरट पडदा होता आणि कडेने हळदीचा एक पिवळा ओघळ वाळून बसला होता.

"वैनी," तो म्हणाला, "ह्याला आंधळा कुणी केला?"

"मी," मथुरा म्हणाली. दिराशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती असं नाही, गेले सात महिने दर गुरुवारी ती तेच करत होती. पण हे काम मात्र खरंच तिच्या हातचं होतं.

झोपाळ्यावर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, भागोजीने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "काय विनोद, प्रवास बरा झाला ना?"

"भावजी, हे इथे उभे आहेत. खाली," गोदा म्हणाली.

"हां हां," भागोजी म्हणाला आणि त्याने नजर खाली आणली. पण ती पुन्हा वर गेली. त्याचा दोष नव्हता. वर्षभर ह्या घरात विनोद म्हणजे वाशाला लटकलेलं ते पांढरं बोंडूच झालं होतं.

विनोद कंपनीतून रिटायर झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा भांडुपची खोली भाड्याने देऊन रत्नागिरीला, मांडवीच्या घरी येईल. पण त्याने तीन महिने मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि स्वतः यायच्या ऐवजी चार कॅमेरे पाठवले. तीन मुके होते: एक फाटकावर, एक मथुराची सून दिशा बसते त्या 'नागवेकर कोकण मेवा' दुकानाच्या गल्ल्यावर, एक मागच्या पॅकिंगच्या खोलीत. चौथा पडवीतला. तो बोलका. चौघांची रेकॉर्डरची पेटी ठेवली देवघरात, कारण इन्व्हर्टरची वायर असलेला बोर्ड घरात तेवढाच, आणि लाइट गेली तरी देवापुढचा बल्ब जाता कामा नये असा सासऱ्यांच्या काळापासूनचा नियम.

तेव्हापासून विनोद रोज सकाळी सहाला भांडुपात उठायचा आणि सव्वासहाला मांडवीच्या पडवीत हजर व्हायचा. "वैनी, मागचा नळ वाहतोय." "दिशा, गिऱ्हाईक कधीचं उभं आहे." "दादा, गोळी घेतलीस का?" एकदा कोळीण टोपली उतरवून सुरमई दाखवत होती तर वरून आवाज आला, "वैनी, कल्ले उघडून बघ." बाईने टोपली टाकली आणि धूम ठोकली. आठ दिवस ह्या आळीला मासळी नव्हती. शेजारीपाजारी मथुराला बोलले ते बोललेच.

घरचे मात्र सरावले. माणसाला नाव असतं तसं कॅमेऱ्यालाही आपोआप पडलं. "दिशा, विनोदवर कोळिष्टकं धरल्येत, केरसुणी फिरव." "विनोदला मुंग्या लागल्या गो, वायच हळद टाक." आणि विनोद शिंकायचासुद्धा. नागवेकर पुरुष कधी एकदा शिंकत नाहीत. बसले की लागोपाठ सात, आजोबांपासून चालत आलेलं. एकदा गॅसवाला रिकामा सिलिंडर घेऊन पायरी उतरत होता आणि वरून सात शिंका आल्या. निघताना शिंक झाली की बसायचं, पाणी प्यायचं, मग उठायचं, हा मथुराचा कायदा. शिंक माणसाची असो नाहीतर मशीनची. तिने गॅसवाल्याला बसवलं, पाणी दिलं, वर दोन करंज्या दिल्या. आता तो ह्या घरातून निघताना आशेने वर बघतो.

हे सगळं चाललं असतं. पण शमिका होती ना.

शमिका विनोदची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नासाठी विनोदने हॉल बुक केला होता, पत्रिकेचा नमुना निवडला होता, पंगतीत खीर की श्रीखंड हेही ठरवलं होतं, फक्त नवरा ठरायचा बाकी होता. तेवढं काम तिने स्वतः केलं. आंजर्ल्याच्या मुलाशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली आणि बापाला ते कळलं शेजाऱ्याच्या मोबाइलवरच्या फोटोवरून. तेव्हा विनोद ह्याच पडवीत उभा राहून म्हणाला होता, "ती ज्या घराची पायरी चढेल, त्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. वैनी, तुझ्या घराची असली तरी नाही." आणि नागवेकर शब्दाला पक्के, हा ह्या घराण्याचा मोठा दुर्गुण.

त्याला दोन वर्षं झाली. सात महिन्यांपूर्वी शमिकाच्या नवऱ्याची बदली रत्नागिरीत झाली. तिला गुरुवारी सुट्टी असते. एका गुरुवारी चार वाजता ती कडेवर पोर घेऊन फाटकात उभी राहिली. मथुरा तिला काय म्हणणार होती? त्या पोरीने, आरोहीने, तोवर मथुराच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली होती. त्यानंतर दर गुरुवार.

मथुरा नागवेकरांच्या घरात आली तेव्हा विनोद अकरा वर्षांचा होता. आई नसलेला, केसांत उवा झालेला पोरगा. त्याला तिने न्हाऊ घातलं, मारलं, शिकवलं. नितेश पोटात यायच्या आधी हाच तिचा पहिला मुलगा. तो जर उद्या घराची पायरी चढायचा थांबला तर तिचं अर्धं आयुष्य वाया गेलं. आणि शमिकाला येऊ नको म्हणायचं, तर उरलेलं अर्धं. ह्या कात्रीतून तिने आपली वाट काढली होती. दर गुरुवारी साडेतीनला ती माजघरात जायची आणि टीव्ही बंद करायची. टीव्हीवर चार चौकोनांत चार कॅमेरे दिसायचे, बटण दाबलं की चारही काळे. झोपले. आणि खरंच, गुरुवारी चार ते साडेपाच विनोदच्या तोंडून अक्षर फुटत नसे. एरवी पाल सरकली तरी बोलणारा माणूस! मथुरा मनातल्या मनात त्या बटणाला नमस्कार करायची.

आणि मग आला दसरा, तोही नेमका गुरुवारी. दसऱ्याला मथुराने नेहमीसारखी सगळ्या हत्यारांची पूजा केली: विळी, कोयता, वजनकाटा, पाकिटं सील करायचं मशीन, नितेशची मोटारसायकल. नितेश जयगडच्या बंदरात ड्युटीवर होता, तरी त्याच्या हेल्मेटला हार घातला. मग स्टूलावर चढून चारही कॅमेऱ्यांना. झेंडूचा हार, आंब्याचा डहाळा, आणि बरोब्बर मध्यभागी, डोळ्यावर, हळदीकुंकवाचं बोट.

"वैनी! वैनी, मला सगळं लाल दिसतंय!" कॅमेरा झेंडूच्या आडून ओरडला.

"दसरा आहे आज."

"ते पुस आधी!"

"पूजलेल्या वस्तूला आज हात लावायचा नाय. उद्या उतरवीन."

"वैनी, आज गुरुवार आहे!" विनोद इतक्या काकुळतीने म्हणाला की मथुराला वाटलं, त्याला उपास कडक झाला असावा.

दुसऱ्या दिवशी तिने हार उतरवले. पडवीतल्या कॅमेऱ्यावरचा कुंकवाचा तेलकट डाग जाईना, म्हणून तांब्याच्या घागरीला लावतो तशी राख लावली आणि नारळाच्या काथ्याने घासला. डाग गेला. काचही गेली. आणि आज, शनिवारी, विनोद बायकोला घेऊन दारात.

दुकानाला अर्धं शटर ओढून नितेशची बायको दिशा आत आली, तिच्यामागून बाळा मयेकर. बाळाने आधी डिश अँटेना बसवल्या, आता कॅमेरे बसवतो. मधल्या काळात तो केबल कापल्याबद्दल दोनदा मार खाऊन झाला आहे. पिशवीतून टॉर्च काढून त्याने वायर दोन बोटांत धरली आणि वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटले.

"मांडवीत लोखंड टिकतं दीड वर्ष आणि कॅमेऱ्याची पिन आठ महिने," तो म्हणाला. "खारा वारा. बघा, पिन हिरवी पडल्येय. जोडणीला टेपसुद्धा नाय. हा जोड डबीत घालायला पायजे होता, वाऱ्यावर सोडलात तुम्ही."

"मी व्हिडिओत बघितलं होतं तसं करवून घेतलं," विनोद म्हणाला.

"व्हिडिओवाला माणूस नाशिकचा असेल."

"पण काच?"

"काच राखेने घासल्यावर देव पण नाय दिसणार. नवीन घ्या. पेटी बघू."

सगळी वरात देवघरात गेली. बाळाने पेटीचं झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारला. मग त्याने पेटी उपडी केली. देवाच्या पाटावर मूठभर अक्षता पडल्या, त्यावर दुर्वांची एक जुडी आणि शेवटी अर्धं खोबरं.

"पंख्यात तांदूळ अडकलाय," बाळा म्हणाला. "म्हणून मशीन तापत होती. काकी, तुम्ही रोज पूजा करायचात?"

"देवघरात आहे ती," मथुरा म्हणाली. "सगळ्यांना वाहायच्या आणि तिला एकटीला वगळायचं काय?"

"बरोबर आहे," भागोजी मागून म्हणाला. तो सहसा बायकोची बाजू घेत नसे, म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. "मुंबईचा पाहुणा आहे ती," त्याने खुलासा केला.

दिशाला हसू आवरेना. गोदाने तिला कोपराने ढोसलं, पण ढोसताना तीही हसत होती. विनोदने दोघींकडे असं बघितलं की हसू जिथल्या तिथे वाळलं. सासूच्या गुरुवारांचं दिशाला माहीत होतंच. गोदालाही होतं, शमिका आईला फोन करायची. तीन बायकांचं हे संधान सात महिने नजरेनजरेवर चाललं होतं.

बाळाने फुंकर मारून पेटी लावली, माजघरात जाऊन टीव्ही सुरू केला. चार चौकोन उमटले. चौथा धुकट.

"हा टीव्ही मधेमधे कोण बंद करतं?" त्याने विचारलं. "बटण झिजलंय पार."

दिशाने छताकडे बघितलं, गोदाने पदराकडे. मथुरालाच बोलावं लागलं. "मी. गुरुवारी. दत्ताचा वार ना, म्हटलं कॅमेऱ्यांना वायच विश्रांती."

"कॅमेऱ्यांना?" बाळा हसत सुटला. "काकी, टीव्ही बंद केलात म्हणून कॅमेरे झोपत नाय. टीव्ही म्हणजे आरसा. आरशावर फडका टाकला म्हणून माणूस नाहीसा होतो काय? इथे काळोख, पण पेटीत सगळं रेकॉर्ड. वीस-वीस दिवसांचं. मोबाइलवर पण चालूच."

मथुरा दोन पावलं मागे सरली. तिने भिंतीला टेकून घेतलं. सात महिन्यांचे गुरुवार तिच्या डोळ्यांपुढून गेले: शमिका झोपाळ्यावर, शमिका रडताना, शमिका आवळ्याची सुपारी चघळताना, आरोही पडवीभर रांगताना. सगळं उघड्यावर! आणि आपण बटणाला नमस्कार करत होतो. आवशीचा घो त्या बटणाच्या, असं ती मनात म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली.

"दाखवू काय?" बाळा उत्साहात आला. रिमोट त्याच्या हातात. "परवाचा लाल असेल. त्याच्या आधीचा गुरुवार लावतो, दुपारपासून—"

"बाळा, चहा घे," भागोजी म्हणाला.

"बाळादादा, दुकानातला कॅमेरा आधी बघा," दिशा म्हणाली.

"मला चक्कर येत्येय," गोदा म्हणाली आणि कुणी खुर्ची द्यायच्या आत खाली बसली.

पण ह्या सगळ्यांच्या वर विनोदचा आवाज चढला. "नको! मागचं काही लावायचं नाही!"

सगळे विनोदकडे वळले. हाच विनोद, ज्याने शिमग्यात पुरणपोळी कुणी उष्टी केली हे बघायला तीन दिवसांचं रेकॉर्डिंग मागे नेलं होतं. गोदाची चक्कर थांबली. ती नवऱ्याकडे बघायला लागली.

"मागचं काय उगाळायचं?" विनोद टीव्हीकडे पाठ करून म्हणाला. "झालं गेलं. पुढचं बोल. नवीन कॅमेरा कुठला देतोस?"

पडवीत परत आल्यावर बाळाने पिशवीतून खोके काढून झोपाळ्यावर मांडले. भागोजीला उठावं लागलं. तो नाराज झाला, कारण दुपारच्या झोपेची वेळ होत आली होती.

"आता बघा," बाळा म्हणाला. "टू पॉइंट एटची लेन्स घेतलीत तर अख्खी पडवी दिसेल, फाटक, तुळस, सगळं. पण माणूस एवढासा. सहा एमएमची घेतलीत तर फाटक विसरायचं, पण माणसाच्या नाकावरचा तीळ मोजून घ्या. चोरासाठी लोक पहिली घेतात."

"सहाची," विनोद म्हणाला.

"अहो, पण फाटक?"

"फाटकावर आहे ना एक. इथे मला चेहरा दिसायला हवा. सहाची."

"आणि लावायचा कुठे? इथेच वाशाला?"

"नाही." विनोद पडवीच्या टोकाला गेला, झोपाळ्यासमोरच्या खांबाजवळ थांबला आणि त्याने तळहात आडवा करून उंची दाखवली. कमरेइतकी. "इथे."

"एवढा खाली?" दिशा म्हणाली. "काका, येणाजाणाऱ्याच्या गुडघ्याला लागेल. चोराचं काय, पोटरी बघणार?"

"झोपाळ्यावर माझं तोंड येईल त्यात," भागोजी म्हणाला. "मी घोरतो. माझं घोरणं भांडुपात कशाला?"

"दादा, तू एरवी घोरतोस ते मला आत्ताही दिसतं. मध्येच झोपाळा थांबतो." विनोद चिडला होता, पण चिडल्यासारखा बोलत नव्हता. हाताने त्या खांबाची जागा चाचपत होता. "वरून बघितलं की नुसतं टाळकं दिसतं. केसांचा भांग दिसतो, तोंड नाही. आणि साडेचारला समुद्राकडून ऊन आत येतं, तेव्हा झोपाळ्यावरचा माणूस पार काळा पडतो. मुळी ओळखूच येत नाही हसतोय की रडतोय."

"त्याला डब्ल्यूडीआरवाला लागेल," बाळा म्हणाला. "मागून ऊन असलं तरी तोंड उजळ दिसतं."

"तो दे. आणि माइक चांगला. ह्याच्यात सगळं खरखरतं. बारीक आवाज येत नाहीत. आणि लादीवरचं पण दिसलं पाहिजे, म्हणजे रांगणारं..." तो थांबला. "मांजर. मांजर वगैरे."

ह्या घरात मांजर नव्हतं. सासरे गेल्यापासून नव्हतं.

मथुरा खांबाला धरून उभी होती. साडेचारला समुद्राकडून ऊन येतं हे तिला माहीत होतं. भागोजीला माहीत नव्हतं, तो तेव्हा डोळे मिटलेला असतो. दिशा दुकानात असते. साडेचारला त्या झोपाळ्यावर जागेपणी बसणारं माणूस आठवड्यातून एकदाच येतं.

तिला एकदम सगळं लख्ख दिसलं. ह्याने सातही महिने बघितलं होतं. भांडुपच्या खोलीत, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवून, शब्द न बोलता. एरवी पाल सरकली तरी बोलणारा हा माणूस, आणि गुरुवारी दीड तास श्वास धरून बसायचा, बोललो तर ती उठून जाईल म्हणून. आणि दसऱ्याला पोर सोनं घेऊन आली तेव्हा आपण त्याच्या डोळ्यात कुंकू भरलं. "वैनी, आज गुरुवार आहे!" म्हणून तो ओरडला होता, आणि आपल्याला वाटलं उपास! मथुराला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. त्याचबरोबर विनोदच्याही. मेल्या, एवढं होतं तर फोन उचलून बोलायला काय झालं होतं? पण ते ह्या घरात कुणाला जमलंय.

"आई, सांगा ना काकांना," दिशा तिच्या कानाशी कुजबुजली. "तिथे नको. बाथरूमच्या बोळात लावा म्हणावं, फाटकात लावा म्हणावं. गुरुवारचं काय करायचं मग?"

गोदाही बघत होती. तिघींचं संधान आता मथुराच्या एका शब्दावर होतं.

"बाळा," मथुरा म्हणाली, "विनू म्हणतो तिथेच बसव. वायच आणखी खाली घे. मांजर लहान आहे."

दिशा तोंड उघडं टाकून बघत राहिली. विनोदने वैनीकडे बघितलं नाही. त्याने एकदम चपला काढल्या, थोरल्या भावाच्या पाया पडला, मग तिच्याही पडला. वाकला तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिला.

"उठ," मथुरा म्हणाली. "राहतोस का गुरुवारपर्यंत?"

"नाही, नाही. सोमवारी परत. मोठं काम आहे."

"कसलं काम? रिटायर झालास ना?"

"आहे काम," विनोद म्हणाला. दोन वर्षांपूर्वी दिलेल्या शब्दाची पायरी उतरायची म्हटली तर त्याला गुडघे नव्हते. मथुराने पुढे ताणलं नाही. सोमवारी ओल्या नारळाच्या चार करंज्या, कुळथाचं पीठ आणि गोदा, असं सगळं घेऊन तो भांडुपला गेला.

गुरुवारी साडेतीनला मथुरा माजघरात गेली. टीव्हीवर चौथ्या चौकोनात रिकामा झोपाळा स्वच्छ दिसत होता, कडीवरचा गंजसुद्धा. तिने बाहेर जाऊन खांबावरच्या कॅमेऱ्याच्या काचेवर तोंडाची वाफ दिली आणि पदराच्या टोकाने ती पुसली. राख नाही, काथ्या नाही. मग आत येऊन टीव्ही बंद केला. आजवर तो विनोदसाठी बंद करत होती, आज शमिकासाठी केला.

शमिका आली ती थेट खांबापाशी थबकली. "मोठी आई, हा नवीन?"

"हो गो. पण झोपलाय. आज गुरुवार."

"नक्की?"

"टीव्ही बघ जाऊन."

शमिकाने माजघरात डोकावून बघितलं. काळा. ती निवांत झाली, आपल्या ठरलेल्या जागी झोपाळ्यावर बसली, पाय वर घेतले. नवऱ्याची तक्रार सांगितली, सासूचं कौतुक सांगितलं, मग सासूची तक्रार. ऊन आत आलं. आरोही रांगत रांगत खांबापाशी पोचली आणि तिने कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा लावला. मग जीभ लावली. मथुराने तिला ओढून आणलं, पण घाई केली नाही. भागोजी खुर्चीत घोरत होता, झोपाळा गेल्यामुळे जास्तच मोठ्याने.

साडेपाच वाजले. शमिका उठली, पोर कडेवर घेतलं, पायरीवर येऊन एक चप्पल पायात सरकवली.

खांबातून शिंक आली.

शमिका दगडासारखी उभी राहिली. भागोजी जागा झाला. "शिंक झाली," तो म्हणाला. "बस गो वायच. पाणी पी."

"कोण शिंकलं?"

"मी," भागोजी म्हणाला. झोपेतून उठलेल्या माणसाने इतकं चोख खोटं बोलावं ह्याचं मथुराला नवल वाटलं.

शमिका बसली. पाणी प्याली. मथुराने करंजी दिली, तीही खाल्ली. दहा मिनिटांनी ती परत उठली, परत चप्पल सरकवली आणि परत खांब शिंकला. ही शिंक आधीच्यापेक्षा वाईट होती. शाळेत न जाण्यासाठी पोरं काढतात तशी. अकरा वर्षांचा विनोद अशीच काढायचा आणि मथुरा त्याला अशाच शिंकेवर अंथरुणातून ओढून काढायची.

शमिकाने मोजायला ओठ हलवले. एक. पुढची येईना. लहानपणी ती बापाच्या मांडीवर बसून सातपर्यंत मोजायची आणि सातवीला टाळ्या वाजवायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिने मथुराकडे बघितलं. मथुराने डोळे पुसले, लपवले नाहीत.

"किती दिवस?" शमिकाने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," मथुरा म्हणाली. "मला शनिवारी कळलं. देवाशपथ."

शमिका काही वेळ पायरीवर तशीच होती, एक पाय चपलेत, एक लादीवर. तिचं नाक लाल झालं. मग तिने पायातली चप्पल काढली, झोपाळ्यावर येऊन बसली आणि आरोहीला मांडीवर उभी धरली, तोंड खांबाकडे करून.

"पप्पा," ती कॅमेऱ्याला म्हणाली, "सहा राहिल्या. मी बसलेय."

खांबातून काहीच आवाज येईना. नुसती खरखर, आणि त्या खरखरीच्या पलीकडे कुणीतरी तांब्या पाडला.

भागोजीने सवयीने मान वर केली, वाशाकडे बघितलं, मग चूक लक्षात येऊन खाली खांबाकडे वळला.

"सावकाश रे विनोद," तो म्हणाला. "घाई नाय. ती बसल्येय."